तेलाची विहीर कुणाची?

गेल्या महिन्यात अंबाडीत आमच्या अभ्यासवर्गात संविधानाची सातवी अनुसूची चालली होती. विषय तसा कोरडा. केंद्राची यादी, राज्याची यादी, समवर्ती यादी. अर्धी पोरे मोबाइलमध्ये होती. तेवढ्यात पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका तरुणाने विचारले, "दादा, समजा उद्या शेतात बोअर मारताना पाण्याऐवजी तेल लागले, तर ते कुणाचे?" मागून कुणीतरी म्हणाले, "आधी शेत आहे का तुझ्याकडे?" सगळा वर्ग हसला. तोही हसला.

आम्हाला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचा जमिनीखालच्या संपत्तीवर हक्क आहे की नाही, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. पण ते उत्तर आज आहे तसे का आहे आणि उद्या तसेच राहील का, हे समजायचे तर इतिहासात जावे लागते.

आधी खडक समजून घेऊ

अंबाडीच्या बोअरला तेल लागणार नाही. अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरीला जमिनीतून गरम पाणी येते, म्हणून खाली काहीतरी जळत असेल असे वाटू शकते. पण ते पाणी खडकांतल्या खोल भेगांत शिरून तापते आणि वर येते. त्याचा तेलाशी संबंध नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला लाव्हा थंड होऊन तो बनला.

तेल बनते ते वेगळ्या रीतीने. प्राचीन समुद्रातले सूक्ष्म जीव मरून तळाच्या गाळात गाडले जातात. त्यावर गाळाचे थर चढतात. लाखो-कोटी वर्षांच्या दाबाने आणि उष्णतेने त्यांचे तेल व वायू होतात. मग ते सच्छिद्र खडकातून वर सरकतात आणि वर अभेद्य थर आडवा आला की तिथेच अडकून राहतात. विहीर खणायची ती अशा अडकलेल्या जागेत. आपल्याला सगळ्यात जवळची मोठी जागा मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखालच्या चुनखडीत आहे. तिचे नाव बॉम्बे हाय, आजचे मुंबई हाय. आपण ज्या मुंबईच्या जोरावर जगतो, तिच्याच समुद्रात ही विहीर आहे. तरी आपल्या चळवळीच्या चर्चेत ती क्वचितच येते.

खणणारा एक, मालक दुसरा

'विहीर' हा शब्द आपल्यासाठी साधा नाही. विहीर खणायला, गाळ काढायला आपले हात चालत, आणि पाणी लागले की त्याच हातांचा विटाळ होई. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता. सार्वजनिक संपत्तीवर माणूस म्हणून आपला हक्क आहे की नाही, हा होता. तेलाच्या विहिरीला हाच प्रश्न विचारायला हवा.

तेलाचा इतिहास सांगताना १८५९ साल सांगितले जाते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला ड्रेकने यंत्राने विहीर पाडली, ते हे साल. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ब्रह्मदेशात इरावती नदीकाठी येनानजाँग येथे हाताने खणलेल्या तेलाच्या विहिरी होत्या. तिथे विहिरी खणण्याचा हक्क २४ घराण्यांकडे होता आणि तो वंशपरंपरेने चाले. प्रत्यक्ष खाली उतरणारा माणूस मात्र मजूर. त्याला कमरेला दोर बांधून खाली सोडत. खालच्या वायूने जीव गुदमरायचा, म्हणून काही क्षण खणले की त्याला वर ओढून घ्यावे लागे. दुसरा उतरे. पुढे पाणबुड्याचे शिरस्त्राण आले आणि त्याच्यामुळे खाली जास्त वेळ काढता येऊ लागला.

ब्रह्मदेश बौद्ध देश. तिथे आपल्यासारखी जातिव्यवस्था नाही. तरीही मालकी जन्माने ठरली आणि जोखीम गरिबीने. आपण बौद्ध म्हणून हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. संपत्तीची वाटणी केवळ श्रद्धेवर सोडली तर बदलत नाही. त्यासाठी कायदा लागतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

इंग्रजांच्या काळात मालक बदलले. १८८६ साली बर्मा ऑइल कंपनी उभी राहिली. आसामात डिगबोईला १८८९ च्या सुमारास विहिरी सुरू झाल्या आणि १९०१ मध्ये तिथे शुद्धीकरण कारखाना निघाला. तेल इथले, मजूर इथले आणि निर्णय ब्रिटनमध्ये. १९३८ मध्ये ब्रह्मदेशातले तेल कामगार संप करून रंगूनपर्यंत पायी चालत गेले. १९३९ मध्ये डिगबोईला संप झाला, गोळीबार झाला, कामगार मेले. स्वातंत्र्यलढ्याच्या शालेय इतिहासात हे दोन्ही संप आपल्याला भेटत नाहीत.

मजूरमंत्री बाबासाहेब

त्याच वर्षांत मुंबईत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्ष चालवत होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे तत्त्वज्ञान हवेतले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला होता. माग म्हणजे काय हे भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको.

जुलै १९४२ ते जून १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. या खात्याकडे फक्त कामगार नव्हते. खाणी होत्या, वीज होती, पाटबंधारे होते, भूगर्भ सर्वेक्षणाचे कामही होते. देशाच्या जमिनीखाली काय आहे आणि ते बाहेर काढणाऱ्या माणसाचे काय होते, हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर आले, आणि त्या टेबलामागे एक अस्पृश्य माणूस बसला होता. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. खाणीतल्या स्त्रियांना प्रसूतिकाळात संरक्षण, कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी, दामोदर खोऱ्याची योजना, ही सगळी याच काळातली कामे.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन प्रसिद्ध केले. आमची प्रत्येक कार्यकर्त्याला विनंती आहे, दुसरे काही वाचले नाही तरी हे वाचा. मोक्याचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्याने चालवावेत. पायाभूत उद्योग राज्याने किंवा राज्याच्या महामंडळांनी चालवावेत. विमा राज्याकडे असावा. शेतीही राज्याचा उद्योग असावी. पण यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. ही व्यवस्था साध्या कायद्याने आणू नका, थेट संविधानात लिहा, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. साधा कायदा आज एक बहुमत करते आणि उद्या दुसरे बहुमत मोडते. गरिबाच्या आयुष्याचा पाया असा निवडणुकीगणिक हलता कामा नये.

ही मागणी संविधानात जशीच्या तशी आली नाही. जे आले ते असे. कलम ३९ (ख) मध्ये समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी असे आले, पण ते मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्याच्या अंमलबजावणीसाठी थेट कोर्टात जाता येत नाही. कलम २९७ मध्ये सागरी हद्दीखालची खनिजे केंद्राच्या मालकीची झाली. पुढे घटनादुरुस्त्या करून त्यात सागरमग्न खंडभूमी आणि अनन्य आर्थिक क्षेत्रही घातले. सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या यादीत ५३ व्या नोंदीत तेलक्षेत्रे आणि खनिज तेल आले.

इथे एक सावधगिरी. ५३ वी नोंद बाबासाहेबांनी एकट्याने शून्यातून लिहिली असा मेसेज उद्या कुणी फिरवला तर तो पुढे पाठवू नका. तेलक्षेत्रांचे नियमन १९३५ च्या कायद्यातही केंद्राकडेच होते. बाबासाहेबांचे मोठेपण सिद्ध करायला खोट्या श्रेयाची गरज नाही. त्यांचे खरे योगदान हे की नियमनापुढे जाऊन त्यांनी मालकीचा प्रश्न विचारला.

आता त्या तरुणाला उत्तर देता येते. अमेरिकेत साधारणपणे जमिनीच्या मालकाला खालच्या तेलावरही हक्क मिळतो. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने जमिनीखालच्या खनिजांवर हक्क शासनाचा आहे, आणि समुद्राखालचे तेल केंद्राचे. म्हणजे ज्याच्याकडे शंभर एकर आहे त्याचे ते नाही, आणि ज्याच्याकडे गुंठाही नाही त्याचे ते तितकेच आहे. निदान कागदावर तरी.

सागर सम्राट

१९५६ च्या औद्योगिक धोरणाने खनिज तेल राज्याच्या वाट्याच्या उद्योगांत ठेवले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, स्थापन झाला. भारतात तेल फारसे नाहीच, असे सांगणाऱ्या परदेशी कंपन्या तेव्हा कमी नव्हत्या. पुढच्या चार वर्षांत खंबात आणि अंकलेश्वरला तेल लागले. सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखातात पाहणी केली. मग जपानमध्ये बांधलेले 'सागर सम्राट' हे समुद्रात पाय रोवून उभे राहणारे खोदकाम जहाज आले, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले. २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. एक रुपयाची नोट मिळाली तर मागची बाजू बघा, तिथे सागर सम्राटचेच चित्र आहे.

याच काळात माहुल-तुर्भ्याचे परदेशी शुद्धीकरण कारखाने सरकारने ताब्यात घेतले. १९७४ च्या कायद्याने एस्सो आणि १९७६ च्या कायद्याने बर्मा शेल. त्यांचेच पुढे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची तारीख आहे २१ फेब्रुवारी १९७५. सुखदेव सिंग विरुद्ध भगतराम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओएनजीसी, आयुर्विमा महामंडळ आणि औद्योगिक वित्त महामंडळ हे कलम १२ खाली 'राज्य' आहेत असे ठरवले. याचा अर्थ काय? मूलभूत हक्क तेलाच्या विहिरीलाही लागू झाले. समान संधी लागू झाली. आज ज्या वस्त्यांत पहिला इंजिनिअर, पहिला तंत्रज्ञ, पहिला ऑफिसर दिसतो, तिथे बहुतेक वेळा त्याच्यामागे बँक, रेल्वे, विमा किंवा असाच एखादा सार्वजनिक उद्योग उभा असतो. गिरणीत विणकाम खात्याचे दार बंद होते. सार्वजनिक उद्योगात ते संविधानाने उघडले.

मालकी सरकली कशी

१९९१ नंतर हे दार हळूहळू लोटले जाऊ लागले. १९९३ मध्ये आयोगाची कंपनी झाली. मुंबईच्या वायव्येला समुद्रातली पन्ना-मुक्ता आणि पुढची ताप्ती ही क्षेत्रे ओएनजीसीने शोधली होती. १९९४ च्या डिसेंबरात ती एका संयुक्त भागीदारीकडे गेली: एन्रॉन ३० टक्के, रिलायन्स ३० टक्के, ओएनजीसी ४० टक्के. दाभोळच्या एन्रॉनविरुद्ध महाराष्ट्रात मोर्चे निघाले, पण समुद्रातल्या एन्रॉनबद्दल आपण फारसे बोललो नाही. शोधण्याचा धोका सार्वजनिक पैशाने पत्करला आणि फायद्याच्या वेळी खाजगी भागीदार आला. २०१९ अखेर करार संपला आणि क्षेत्रे परत आली, तोवर २५ वर्षे झाली होती.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायचा घाट घातला गेला, तेव्हा सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. या कंपन्या संसदेच्या कायद्याने घेतल्या आहेत, तेव्हा संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाहीत, असे न्यायालय म्हणाले. मग काय झाले? २०१६ मध्ये कालबाह्य कायदे रद्द करण्याच्या मोठ्या यादीत राष्ट्रीयीकरणाचे हे कायदेही रद्द झाले. तीन वर्षांनी भारत पेट्रोलियम विक्रीला निघाली. २०२२ मध्ये ती प्रक्रिया मागे घेतली, पण कशामुळे? पुरेसे बोलीदार उरले नाहीत म्हणून. कायदा आडवा आला म्हणून ती थांबली नाही.

आता १९४७ चे निवेदन पुन्हा आठवा. साध्या कायद्यावर विसंबू नका, तो उद्याचे बहुमत मोडेल. अगदी तसेच झाले. फक्त मोडतानाचा आवाजही कुणाला ऐकू आला नाही.

विकले नाही तरी जाते

काही मित्र म्हणतात, ओएनजीसी अजून सरकारी आहे, मग ओरड कशाला? आमचे उत्तर असे की मालकी न विकताही संविधान बाहेर ठेवता येते. त्या युक्तीचे नाव कंत्राट. कायम नोकरीत आरक्षण आहे, बढती आहे, पेन्शन आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर यातले काही नाही. कंत्राटी कामगार कायदा १९७० मध्ये झाला होता. पण २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. तेव्हापासून ठेकेदारांना रान मोकळे आहे.

समुद्रावर याचा अर्थ काय होतो ते बघा. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या समुद्रावर आले. मुंबई हायच्या कामावर लावलेल्या पी-३०५ या बार्जवर २६१ माणसे होती. वादळाचा इशारा आधीच आलेला होता. बार्जचे नांगर तुटले, बार्ज बुडाले. नौदलाच्या जवानांनी जिवावर उदार होऊन १८० हून अधिक माणसे बाहेर काढली. पी-३०५ आणि 'वरप्रदा' ही टग मिळून ८० हून अधिक माणसे मेली. हे वेल्डर, फिटर, रंगारी, मदतनीस होते, वेगवेगळ्या राज्यांतून ठेकेदारांमार्फत आलेले. मग जबाबदारी कुणाची, बार्जच्या मालकाची, कप्तानाची, ठेकेदाराची की ठेका देणाऱ्याची, यावर एकमेकांकडे बोटे दाखवणे सुरू झाले. कंत्राटी साखळीचा खरा उपयोग हाच असतो. नफा वर चढतो आणि जबाबदारी खाली घसरते.

त्याआधी २७ जुलै २००५ ला, महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, बोटे कापलेल्या एका स्वयंपाक्याला हलवायला आलेले जहाज मुंबई हाय नॉर्थच्या मंचाला धडकले. आग लागली, मंच समुद्रात कोसळला, २२ जण गेले. तेल मिळते तिथे धोका असतो, हे आम्हाला मान्य आहे. पण तो धोका कोण पत्करतो आणि त्या बदल्यात त्याला काय मिळते, हे निसर्ग ठरवत नाही.

एकच वायू, दोन विहिरी

एका वायूची गोष्ट सांगून शेवटाकडे येतो. त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. सडलेल्या अंड्यासारखा वास, हवेपेक्षा जड, त्यामुळे खोल जागी साठतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि माणसाला वाटते वायू गेला. मग माणूस जातो. मुंबईजवळच्या वसई तेल-वायू क्षेत्रातल्या वायूत तो असतो, म्हणून गुजरातेत हजिऱ्याच्या प्रकल्पात तो वेगळा काढावा लागतो. जिथे हा वायू निघण्याची शक्यता असते त्या विहिरीवर तो मोजणारी यंत्रे असतात, भोंगे असतात, श्वासाची नळकांडी असतात, वारा दाखवणारे कापडी निशाण असते, आणि वायू सुटला तर पळायचे कुठे याची कवायत असते.

हाच वायू गटारात असतो. मॅनहोल हीसुद्धा एक विहीरच. तिथे आपला माणूस कमरेला दोर बांधून उतरतो. येनानजाँगचा मजूर उतरायचा तसाच, दीडशे वर्षांनंतरही. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. किंमत वाढली, उतरवणे थांबले नाही.

म्हणजे या देशाला हा वायू ओळखता येतो. त्यापासून माणूस वाचवायचा कसा, तेही येते. यंत्र आहे, ज्ञान आहे, पैसा आहे. एका विहिरीतून तेल निघते म्हणून तिथे ते वापरले जाते. दुसरीतून घाण निघते आणि तिथे उतरणाऱ्याची जात आधीच ठरलेली असते, म्हणून तिथे वापरले जात नाही. तंत्रज्ञानाने जात संपेल असे म्हणणाऱ्यांनी या दोन विहिरींच्या काठावर एकदा उभे राहावे.

मग करायचे काय?

कुणी म्हणेल, तेलाचे दिवस संपत आले, आता सूर्य आणि वारा यांची ऊर्जा येणार. येऊ द्या, हवा तापते आहे आणि त्याचा चटका सगळ्यात आधी आपल्याच वस्त्यांना बसतो आहे. पण सौर प्रकल्पाची जमीन कुणाची, मालकी कुणाची आणि तिथली नोकरी कायम की ठेक्याची, हे प्रश्न तसेच राहणार. तेलाच्या बाबतीत आपण ५० वर्षे उशिरा विचारतो आहोत. या वेळी उशीर नको.

आपल्या मोर्च्यांत आरक्षण वाचवा ही घोषणा असते. ती हवीच. पण जिथे आरक्षण लागू होते तो उद्योगच कंत्राटावर गेला, तर वाचवणार काय? म्हणून सार्वजनिक मालकी, कायम नोकरी आणि कामाच्या जागची सुरक्षितता या मागण्या आरक्षणाच्या मागणीला जोडा. माहितीच्या अधिकारात आपापल्या भागातल्या सार्वजनिक उद्योगाला विचारा की कायम किती, कंत्राटी किती, अनुशेष किती. कामगार संघटनांच्या बैठकांना जा, आणि तिथे जातीचा प्रश्नही मांडा. मनमाडच्या भाषणातले दोन्ही शत्रू एकत्र राहतात, त्यांच्याशी वेगवेगळे लढून चालणार नाही.

त्या तरुणाला आम्ही वर्गात उत्तर दिले, "तेल तुझे आहे. शेत नसले तरी." तो म्हणाला, "मग मी बारा तास उभा राहून ते दुसऱ्याच्या गाडीत का भरतो?"

पुढचा अभ्यासवर्ग याच प्रश्नावर आहे. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' वाचून या.

जय भीम!